मितभोजन आणि आपल्या आयुष्याचे दिवस

शास्त्रपाठ : दानीएल १ : ८–१६, निर्गम १६ : १६–१८, यशया ५८ : ६–७



दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपल्या मंडळ्यांतील शब्बाथ शाळेच्या मुलांसही ठाऊक आहे. बाबेलच्या राजानें यहूदी कुळांतील कांहीं निवडक तरुण आपल्या दरबारीं नेले आणि त्यांना आपल्या पंक्तीचें मिष्टान्न व द्राक्षारस रोज द्यावा, अशी आज्ञा केली. दानीएल व त्याचे तिघे सोबती ह्यांनीं त्या ताटाला हात लावण्याचें नाकारलें. त्यांनीं आपल्यावरील कारभाऱ्यास नम्रपणें विनविलें कीं, दहा दिवस आम्हांला केवळ शाकान्न व पाणी देऊन पाहावें, आणि मग आम्ही व राजान्न खाणारे तरुण ह्यांना समोरासमोर उभें करून निर्णय करावा. कारभाऱ्यानें तसें केलें. दहा दिवसांनीं ते चौघे दुसऱ्यांहून सतेज दिसले, आणि त्यांचें अंगही अधिक भरलेलें दिसलें.

ह्या गोष्टींतील तीन बारकावे प्रथम मनांत धरा. पहिला हा कीं, दानीएलानें राजाचें ताट सोडलें तें दीर्घायुष्याच्या लोभानें नव्हे. आपण विटाळूं नये, आपली निष्ठा बाटूं नये, हा त्याचा हेतु होता. दुसरा हा कीं, परीक्षेच्या अंतीं तो सुकून गेला नव्हता. त्यानें थाटाचें अन्न टाकलें, पुरेसें अन्न टाकलें नाहीं. तिसरा बारकावा अध्यायाच्या शेवटच्या ओवळींत आहे, आणि तो पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. कोरेश राजाच्या पहिल्या वर्षापर्यंत दानीएल तेथें होता, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे बंदिवासांत आलेला तो तरुण साठांहून अधिक वर्षें परक्या देशांत राहून वृद्ध झाला. पण शाकान्नामुळें तो इतका जगला, असें शास्त्र कोठेंही म्हणत नाहीं.

आज हा पाठ निवडण्याचें कारण असें. थोडें खाल्ल्यानें मनुष्याचें आयुष्य वाढतें काय, हा प्रश्न अलीकडे शहरांतून आपल्या गांवांपर्यंत आला आहे. सातारा-सांगलीकडील खेड्यांत पारावर बसलेले लोक आतां पाऊसपाण्याप्रमाणेंच वजनाच्या व साखरेच्या गोष्टी बोलतात. कैलासवासी डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवण्याची जी पद्धत महाराष्ट्रभर सांगितली, ती पाळणारीं कुटुंबें गांवोगांव आहेत. कोणी सोळा तास उपाशी राहतो, कोणी रात्रीचें जेवण सोडतो, कोणी भाकरी मोजून खातो. ह्यांतील कांहींना लाभ झाला आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु जो उपदेश एकाला औषध होतो तोच शेजारच्या घरीं विष होऊं शकतो. म्हणून ह्या विषयांत काय सिद्ध झालें आहे, काय झालें नाहीं, आणि देवाच्या वचनाच्या उजेडांत आपण कसें वागावें, ह्याचा विचार आज करूं.

प्रथम : विद्वानांस काय आढळलें आहे ?

१९३५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत क्लाइव्ह मॅके ह्या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें कांहीं उंदरांना पोटभर खाऊं दिलें, आणि कांहींना इतकें मोजकें दिलें कीं त्यांची वाढ मंदावली. मोजकें खाणारे उंदीर अधिक काळ जगले. मात्र ह्या प्रयोगांतील एक गोष्ट लोक सांगावयास विसरतात. त्या उंदरांचे उष्मांक कमी केले होते. जीवनसत्त्वें, क्षार व शरीर बांधणारीं द्रव्यें कमी केलीं नव्हतीं. त्यांचें अन्न थोडें होतें, पण निःसत्त्व नव्हतें.

उंदीर आणि मनुष्य ह्यांमध्यें फार अंतर आहे, म्हणून पुढें माकडांवर प्रयोग झाले. अमेरिकेंत दोन ठिकाणीं, एके ठिकाणीं १९८७ पासून व दुसऱ्या ठिकाणीं, विस्कॉन्सिन येथें, १९८९ पासून, माकडांना नेहमींहून सुमारें तीस टक्के कमी अन्न देऊन वर्षानुवर्षें पाहण्यांत आलें. २००९ सालीं विस्कॉन्सिनच्या मंडळींनीं कळविलें कीं, कमी खाणारीं माकडें म्हातारपणच्या रोगांनीं कमी मेलीं. २०१२ सालीं दुसऱ्या मंडळींनीं कळविलें कीं, आमच्याकडे आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. २०१७ सालीं दोघांनीं आपल्या टिपणांचा मेळ घालून पाहिला. मोजकें खाणाऱ्या माकडांचें आरोग्य दोन्हीकडे चांगलें आढळलें. पण आयुष्यांतील फरकाचें एक मोठें कारण त्यांना ताटांतच सांपडलें. विस्कॉन्सिनला तुलनेसाठीं ठेवलेलीं माकडें मनसोक्त खात होतीं आणि त्यांच्या खाद्यांत साखर पुष्कळ होती. दुसरीकडे तुलनेचीं माकडेंही बेतानें व चांगलें अन्न खात होतीं. ज्यांचें जेवण मुळांत माफक व सकस होतें, त्यांच्याहूनही कमी खाऊन आयुष्याचा मोठा लाभ पदरीं पडला नाहीं. बंधूंनो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

माणसांवरही एक मोठा प्रयोग झाला आहे. अमेरिकेंतील तीन शहरांत लठ्ठ नसलेल्या २१८ स्त्रीपुरुषांना दोन गटांत विभागून, त्यांतील एका गटास दोन वर्षें पंचवीस टक्के कमी खाण्यास सांगितलें. देखरेख असूनही त्यांच्यानें सरासरी सुमारें बारा टक्केच कमी करवलें. तेवढ्यानेंही त्यांचें वजन सात-आठ किलो उतरलें, रक्तदाब व रक्तांतील चरबी सुधारली. २०२३ सालीं त्यांच्या रक्ताची पुन्हां तपासणी करून असें अनुमान काढण्यांत आलें कीं, त्यांच्या वृद्धत्वाची गति दोन-तीन टक्क्यांनीं मंदावली असावी. परंतु त्याच प्रयोगांत त्यांचीं हाडें कांहींशीं विरळ झालीं आणि चरबीबरोबर मांसही थोडें झिजलें. तीं माणसें किती वर्षें जगतील हें दोन वर्षांच्या प्रयोगानें कळण्याजोगें नव्हतें. मनुष्याचें सारें आयुष्य प्रयोगांत घालतां येत नाहीं. म्हणून कमी खाल्ल्यानें मनुष्य अमुक वर्षें अधिक जगतो, असें आजवर कोणीही सिद्ध केलेलें नाहीं.

आणखी एक निष्कर्ष २०२४ सालचा आहे. नऊशें साठ उंदरांना निरनिराळ्या प्रमाणांत उपास व मोजका आहार देण्यांत आला. अतिशय कमी खाणारे सरासरीनें अधिक जगले हें खरें. पण सारखाच मोजका आहार घेणाऱ्यांतही जे झपाट्यानें वाळले ते लवकर मेले, आणि ज्यांनीं आपलें वजन टिकवून धरलें ते अधिक जगले. शिवाय आहाराहून जन्मतः आलेल्या अनुवंशाचा वांटा मोठा ठरला. तेव्हां वाळणें हेंच आरोग्य, असें समजणाऱ्यांनीं येथें थबकावें.

दुसरें : थोडें खाणें आणि उपाशी राहणें ह्यांतील भेद

आपल्या मुलुखाला हा भेद पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. आजचे सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पूर्वीं बव्हंशीं एकच होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. १८७६ ते १८७८ ह्या महादुष्काळांत हा सारा प्रदेश होरपळला, आणि माण-खटावाकडील कमी पावसाच्या भागाची दैना तर विचारूंच नये. १८७७ च्या आरंभीं हिंदुस्थान सरकारनें सर रिचर्ड टेंपल ह्यांस दुष्काळी कामांची पाहणी करण्यास पाठविलें. कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम, धान्य व वर एक आणा पुरे, असें त्यांनीं ठरविलें. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाचा हा आहार; स्त्रियांचा व पोरांचा त्याहूनही कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनीं तेव्हांच निक्षून सांगितलें कीं, इतक्या अन्नावर कष्टाचें काम करणारा मनुष्य जगणार नाहीं. त्याला दीडपट धान्य आणि शिवाय डाळ व भाजी पाहिजे. मुंबई इलाख्यांत तर मजुरांनीं अशा मजुरीवर काम करण्याचें नाकारून कामें सोडलीं. त्या दुष्काळांत साऱ्या देशांत लाखों माणसें मेलीं. मोजकें अन्न आयुष्य वाढवितें असा जर सरसकट नियम असता, तर त्या खडीवरचे लोक शतायुषी व्हावयास पाहिजे होते.

पुढें १९७२ च्या दुष्काळांत पुन्हां हजारों हात खडीवर आले, पण तोंवर विचार पालटला होता. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे ह्यांच्या खटपटीनें रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम व कामाला पोटापुरता दाम, हें सरकारचें कर्तव्य ठरलें. एका सत्तेनें भुकेल्याच्या ताटांतील धान्य तोलून कमी केलें. त्याच मुलुखांतील एका मनुष्यानें तें ताट भरण्याचा हक्क मागितला. दोहोंपैकीं कोणतें देवाच्या मनाजोगें, हें सांगावयास नको.

१९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें छत्तीस तरुणांनीं आपखुषीनें उपासमार पत्करली. त्यांतील पुष्कळ जण युद्धास नकार देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे, ब्रदरन, क्वेकर व मेनोनाइट पंथांचे, सभासद होते. युरोपांत युद्धानें उपाशी पडलेल्यांना पुन्हां कसें उभें करावें हें डॉक्टरांस कळावें, म्हणून त्यांनीं आपलीं शरीरें दिलीं. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारें १,५७० उष्मांकांचें अन्न मिळालें. त्यांचें वजन चौथ्या हिश्शानें घटलें. ऐन उन्हाळ्यांत त्यांना थंडी वाजूं लागली, पाय सुजले, मन उदास झालें, आणि अन्नावांचून दुसरा विचार त्यांना सुचेना. ते धडधाकट होते, उपास केव्हां संपणार हें त्यांना ठाऊक होतें, आणि तरीही ही गत झाली. मग ज्या विधवेची भूक केव्हां संपणार हें तिला ठाऊक नाहीं, तिच्या मनाची स्थिति काय होत असेल, ह्याचा विचार करा.

आणि भूक एका पिढींत संपत नाहीं. हॉलंडांत १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जीं बाळें उपाशी आयांच्या उदरांत होतीं, त्यांच्यांत पन्नाशीच्या सुमारास रक्तांतील साखरेचा विकार अधिक आढळला. आपल्या शेजारच्या पुणें जिल्ह्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ सालापासून सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या लेकरांचा माग ठेवला आहे. तेथील बाळांचें जन्माचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो. तीं बाळें दिसावयास बारीक, पण त्या बारीक अंगांतही मांस कमी आणि चरबीचा वांटा मात्र टिकलेला. असेंच बाळ पुढें मोठें होऊन बसून खाऊं लागलें कीं मधुमेहास लवकर बळी पडतें. त्या पाहणींत हेंही दिसलें कीं, ज्या आयांच्या आहारांत हिरव्या पालेभाज्या, दूध व फळें अधिक होतीं त्यांचीं बाळें भरलेलीं होतीं. नुसत्या उष्मांकांच्या बेरजेशीं बाळाच्या वजनाचा तसा संबंध दिसला नाहीं. पोट भरलें एवढ्यानें भागत नाहीं. ताटांत काय होतें, हें पाहावें लागतें.

तिसरें : एका जिल्ह्यांत दोन पंक्ती

आतां आपल्या घराकडे वळूं. कृष्णाकांठीं कराड, वाळवें, मिरज ह्या भागांत ऊस आहे, कारखाने आहेत, हातांत पैसा आहे. तेथें दिवसाला पांच-सहा वेळां साखरेचा चहा होतो, पाहुण्याला नको म्हटलें तरी शिरा वाढला जातो, शेतावर चालत जाणारा आतां गाडीवर जातो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजनांनीं तिकडे कांहीं पाणी पोंचलें आहे, आणि पाण्यामागून ऊस, द्राक्षें व चहाची साखरही पोंचली आहे. बाजरीची भाकरी, मटकी, हुलग्याचें माडगें हें ज्यांचें रोजचें अन्न होतें, त्यांचीं नातवंडें आज दुकानांतील पुड्यांवर वाढत आहेत. आणि ह्याच कारखान्यांच्या आवारांत, उसाच्या फडांत, बीडकडून आलेलीं तोडणी कामगारांचीं कुटुंबें पालांत राहतात. गरोदर बाई मोळी उचलते आणि चुलीवर जें उरेल तें खाते.

२०१९ ते २०२१ ह्या काळांतील सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील दर पांच स्त्रियांमागें सुमारें एक हाडकुळी आढळली, आणि एकीहून थोड्या अधिक स्थूल आढळल्या. पांच वर्षांखालील मुलांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें दहा कोटि लोक मधुमेही आहेत. म्हणजे जादा खाणारा व कमी खाणारा हे दोन दूरचे देश नव्हेत. ते एका गांवांत आहेत, पुष्कळदां एकाच घरांत आहेत. घरधनी तृप्त होऊन उठतो, मुलगे उठतात, आणि मग आई किंवा सून भांड्यांतलें उरलेलें घेऊन चुलीपाशीं बसते. अशा घरांत मितभोजनाचा उपदेश कोणाच्या कानीं पडतो ? पुष्कळदां ज्याला पडावयास पाहिजे त्याच्या नव्हे, तर जी आधींच अर्धपोटी आहे तिच्या. ती म्हणते, मला कमीच पुरतें. बंधूंनो, तिला पुरत नाहीं. आपण तिला विचारलें नाहीं, एवढेंच.

चौथें : शास्त्राचा माप

अरण्यांत मान्ना पडला तेव्हां परमेश्वरानें प्रत्येक माणशीं एक ओमेर हा माप ठरवून दिला. कोणी अधिक गोळा केला, कोणी कमी; पण मोजून पाहतां अधिक गोळा करणाऱ्याचें उरलें नाहीं, आणि कमी गोळा करणाऱ्यास उणें पडलें नाहीं. उद्यांसाठीं ठेवलेल्याला किडे पडले. मितभोजनाचा खरा नियम हाच आहे. तो एकट्या मनुष्याच्या पोटाचा नियम नाहीं, तो साऱ्या छावणीचा नियम आहे. प्रभूनें आम्हांस रोजच्या भाकरीसाठीं प्रार्थना शिकविली तीही अनेकवचनी आहे. माझी भाकरी असें तींत नाहीं.

यहेज्केल संदेष्टा सदोमाच्या पापाचें वर्णन करतो तेव्हां गर्व, अन्नाची रेलचेल व सुखाची सुस्ती हीं सांगून शेवटीं म्हणतो कीं, त्या नगरीनें गरिबाचा हात बळकट केला नाहीं. यशयाच्या ५८ व्या अध्यायांत लोक तक्रार करतात कीं, आम्ही उपास करतों तरी देव पाहत नाहीं. आणि देव उत्तर देतो कीं, मला आवडणारा उपास म्हणजे बंधनें सोडणें आणि आपल्या भाकरींतून भुकेल्यास वांटा देणें. लूकाच्या शुभवर्तमानांतील श्रीमंत रोज थाटानें जेवत होता. लाजार त्याच्या दाराशीं पडला होता. त्या श्रीमंतानें कमी खाल्लें असतें तर कदाचित् त्याची प्रकृति सुधारली असती. पण वाचलेली भाकरी दारापर्यंत गेली नसती तर त्याचा न्याय बदलला नसता.

कोणी विचारील, मग दीर्घायुष्याची इच्छा धरणें पाप आहे काय ? नाहीं. आपलें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें पौल करिंथकरांस लिहितो. मंदिराची डागडुजी न करणारा कारभारी दोषी आहे. खादाडपणानें, तंबाखूनें, दारूनें तें पाडणारा अधिक दोषी आहे. नीतिसूत्रें मधसुद्धां बेतानें खावयास सांगतात. ह्या बाबतींत आपले शेजारीही आपणांस शिकवूं शकतात. साताऱ्यांतील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं सूर्यनमस्कारांचा व्यायाम आपल्या शाळांत सुरू केला, स्वतः जन्मभर केला, आणि १९५१ सालीं ब्याऐशीं वर्षांच्या वयांत ते वारले. त्याच औंधांत अनेक वर्षें राहून वेदांचें काम करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १८६७ सालीं जन्मले आणि १९६८ सालीं, शंभरी ओलांडून, वारले. नियमित व्यायाम व साधी राहणी ह्यांचा पुरस्कार त्यांनीं जन्मभर केला. संयम राखणाऱ्याचा मान आपण राखावा, तो कोणत्याही धर्माचा असो. मात्र एका मनुष्याचें दीर्घायुष्य हा साऱ्यांसाठीं पुरावा होत नाहीं. संयमी लोक तरुणपणींही मरतात.

उलट, ज्या गोष्टींनीं आपल्या लोकांचें आयुष्य खरोखर वाढविलें त्यांकडे पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या बालकाचें सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांहूनही कमी होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. हें कोणाच्या उपासानें झालें नाहीं. तें स्वच्छ पाण्यानें, देवीच्या व इतर लसींनीं, बाळंतपणांत मिळालेल्या मदतीनें, औषधांनीं, आणि दुष्काळांत पोंचलेल्या धान्यानें झालें. त्यांत आपल्या मिरजेचाही वांटा आहे. डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें आणि पुढें तेथें वैद्यकीचें शिक्षणही दिलें. ते १९३३ सालीं, सत्तरी न गांठतांच, वारले. त्यांच्या हातून किती लोकांचे दिवस वाढले, ह्याची मोजदाद कोण करील ? आणि आपला प्रभु तर पृथ्वीवर सुमारें तेहतीस वर्षेंच होता. आयुष्याची लांबी हीच जर त्याची किंमत असती, तर आपण सर्वांनीं त्या माकडांचा हेवा करावा लागला असता.

पांचवें : आपण काय करावें ?

ज्यांच्या अंगावर मेद चढला आहे, ज्यांना वैद्यानें साखरेचा किंवा रक्तदाबाचा इशारा दिला आहे, त्यांनीं खाणें कमी करावें आणि तें देवापुढचें कर्तव्य समजून करावें. चहांतील साखर, तळलेले जिन्नस, आग्रहानें घेतलेला दुसरा वाढा हीं आधीं सोडावीं; भाजी, डाळ, कडधान्य सोडूं नयेत. रोज चालावें. यजमानानें पाहुण्यास एकदां विचारावें, तीनदां नव्हे. नाताळाच्या व लग्नाच्या पंक्तींतही हा नियम चालूं शकतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरास विचारल्यावांचून उपास आरंभूं नये, कारण त्यांची साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेतूं शकतें.

पण ज्यांनीं कमी खाऊं नये तेही स्पष्ट सांगतों. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढतीं मुलें, कष्टकरी, वाळत चाललेले म्हातारे, आणि क्षयरोगी ह्यांनीं मितभोजनाच्या नांवाखालीं अन्न तोडूं नये. वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळाचा लौकिक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. त्या रोगाशीं भुकेचें किती जवळचें नातें आहे हें झारखंडांतील एका प्रयोगानें २०२३ सालीं दाखविलें. क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांस दरमहा सकस शिधा दिला, तेव्हां त्या घरांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनीं घटलें. तेथें आयुष्य वांचविलें तें अधिक अन्नानें.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें तीन गोष्टी ह्याच आठवड्यांत आरंभाव्या, अशी विनंती आहे. एक, घरांतील सर्वांनीं, स्त्रियांसुद्धां, एकाच वेळीं एकाच पंक्तीस बसावें, आणि डाळ व भाजी प्रथम गरोदर बाईच्या व लेकरांच्या ताटांत पडावी. दोन, जो कोणी आपलें खाणें कमी करील त्यानें वांचलेल्याचा हिशेब ठेवावा आणि तेवढें धान्य किंवा तेवढा पैसा गांवांतील एखाद्या निराधार म्हाताऱ्यास, क्षयरोग्याच्या घरास, नाहीं तर तोडणीच्या पालावरील लेकरांस पोंचवावा. तीन, मंडळीच्या वडिलांनीं ह्या घरांची यादी करून दर महिन्यास ती मंडळीपुढें ठेवावी.

चिंता करून कोणी आपल्या आयुष्याला हातभरही लांबी जोडूं शकत नाहीं, हें प्रभूनें डोंगरावर सांगितलें. ज्यांना जें कमी करणें योग्य आहे त्यांनीं तें कमी करावें, निरोगी राहावें, आणि मिळालेले दिवस आनंदानें मोजावे. पण एक दिवस आपला हिशेब मागितला जाईल, आणि त्या वेळीं आपण किती वर्षें जगलों हें विचारलें जाणार नाहीं. मत्तयाच्या २५ व्या अध्यायांत राजा आपल्या उजवीकडच्यांना काय आठवण करून देतो, तें प्रत्येकानें आज घरीं जाऊन वाचावें. तेथेंही प्रश्न अन्नाचाच आहे, आणि तो दुसऱ्याच्या भुकेविषयीं आहे.

हे स्वर्गीय पित्या, आमच्या ताटाला माप दे आणि आमच्या हाताला औदार्य दे. जो अति खातो त्याला आवर, जी उपाशी निजते तिला तृप्त कर, आणि तिच्या तृप्तीसाठीं आम्हांस वापर. आमचे दिवस तुझ्या हातीं आहेत. ते थोडे असोत वा पुष्कळ, ते तुझ्या सेवेंत जावोत. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.